चटणीचे पैसे परत केले ते दोन रविवार

१२ जानेवारी, रविवार, सकाळी सव्वासात. इचलकरंजीतल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर घरमालकाने जागा सोडल्याबद्दल आईच्या हातात दोन लाख रुपयांचा चेक दिला. हजर होतो पाच जण: आई, मी, घरमालक, शेजारच्या सुमनकाकू आणि आम्हाला मुंबईच्या विमानतळावर नेणारा गाडीवाला. आईने चेकवर आपलं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं, चेक पर्समध्ये ठेवला आणि किल्ली दिली. त्या दोन खोल्यांत ती त्रेचाळीस वर्षं राहिली होती. भाडं शेवटपर्यंत महिना साडेतीनशे रुपये.

आईला माझ्याकडे सिंगापूरला न्यायचं आणि घर सोडायचं, हे मी ठरवलं होतं. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं, आई एकदा मोरीत घसरून पडली होती, आणि मी एकुलता एक. माणूस सिंगापूरला आणि भाडं इचलकरंजीत, हे मला पटत नव्हतं. सुमनकाकू म्हणाल्या, "दिलीपराव, किल्ली तेवढी ठेवा की वर्षभर. साडेतीनशेनं तुम्ही काय भिकेला लागत न्हाई." मी त्यांना हिशेब सांगितला. वर्षाचे बेचाळीसशे जातील, आणि मालक आज दोन लाख देतोय ते पुढच्या वर्षी देईलच असं नाही. काकू म्हणाल्या, "हिशेबात तुम्हाला कोण हरवणार?" त्या हिशेबात मला आजही चूक सापडत नाही.

गाडी निघाली तेव्हा आई मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. ती पुढे बसलेल्या गाडीवाल्याला विचारत होती, "तुमच्यात वर्षाची चटणी कोण करतं?"

हे लिहितोय ते तिकडे राहिलेल्यांसाठी. आईला सिंगापूरहून माघारी का यावं लागलं, हे तुमच्यापैकी बरेच जण फोनवर विचारतात, आणि मी "हवा मानवली नाही" असं सांगत आलो. हवा मानवली होती. इथे माझ्यासारखे आईवडलांना आणायच्या विचारात असलेले जे आहेत, त्यांनीही हे वाचावं.

मी बावन्न वर्षांचा आहे. पूर्वी जहाजांवर इंजिनियर होतो, आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात जहाजांसाठी सुटे भाग खरेदी करतो. जहाजावर गेलेल्या प्रत्येक बोल्टचं बिल माझ्या टेबलावरून जातं, आणि बिल नसेल तर बोल्ट गेलाच नाही असं आम्ही धरतो. सोळा वर्षं मी, बायको वर्षा आणि मुलगी ईशा सिंगापुरात आहोत. चोआ चू कांगला बाराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. घरातही मी ऑफिससारखाच वागतो. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खर्चाच्या पावत्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली जमतात आणि मी त्या वहीत उतरवतो. वर्षाला त्याची सवय आहे. ईशाला त्याचा राग आहे.

आई आली तेव्हा तिलाही याच पद्धतीत बसवलं. लाँग टर्म पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, माझ्या नोकरीच्या आधारावर मिळाला. त्यावर नोकरी-धंदा करता येत नाही, हे मी तिला मराठीत वाचून दाखवलं. विमा काढला. हातखर्चाला महिना पन्नास डॉलर ठरवले आणि सांगितलं, "आई, पावत्या तेवढ्या ठेवत जा." ती म्हणाली, "बरं." पहिल्या महिन्यात तिने सात पावत्या दिल्या. त्यातली एक केळ्यांची होती, एक डॉलर नव्वद सेंटची. ती मी इतरांबरोबर फ्रिजवर लावली.

आता चटणीबद्दल. पुण्या-मुंबईच्या वाचकांना चटणी म्हटल्यावर ताटात डाव्या बाजूला वाढतात ती आठवेल. आमच्या भागात चटणी म्हणजे कांदा-लसणाची वर्षाची तिखट पूड, जी रोज आमटीत, भाजीत, रश्शात पडते. मार्च-एप्रिलमध्ये करायची. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला. खोबरं, तीळ, धने, दगडफूल वेगवेगळं भाजायचं, कांदा तेलात काळसर होईपर्यंत परतायचा, आणि सगळं सुमनकाकूंच्या मिरची कांडपावर नेऊन कुटून आणायचं. त्या दिवसांत आमची अख्खी गल्ली शिंकायची आणि कोणी कोणाला काही बोलायचं नाही. आई तीस वर्षं चाळीसेक घरांची चटणी करून देत होती. वडील सूतगिरणीत कारकून होते, त्यांचा पगार घराला पुरायचा. माझ्या कॉलेजची फी आणि होस्टेलची खोली चटणीवर झाली.

मार्चमध्ये तिने इथे, आमच्या स्वयंपाकघरात, चटणी केली. मी ऑफिसला होतो. घरी आलो तर लिफ्टमधून बाहेर पडतानाच ठसका लागला. रात्रीच्या आमटीला सोळा वर्षांत पहिल्यांदा घरची चव आली आणि मी तसं म्हणालोही. आई म्हणाली, "मिक्सरनं कुटल्यागत होत न्हाई. पण भागतंय." त्यानंतर महिन्यातून एक-दोनदा ठसका लागायचा. आमच्या घरात चटणी जरा जास्तच लागते, एवढंच माझ्या मनात आलं. बोल्टची बिलं तपासणाऱ्या माणसाला, चार माणसांचं घर महिन्याला तीन-साडेतीन किलो तिखट खाऊ शकत नाही, हे सहा महिने कळलं नाही.

कळलं ते सप्टेंबरात. मरीन परेडला मेघना आणि शिरीष या जोडप्याच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, हॉलमध्ये गणपतीनंतरचं जेवण होतं, पंचवीसेक मराठी कुटुंबं. मेघना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमच्या आईंची चटणी म्हणजे अप्रतिम. बारा डॉलर जरा जास्त वाटतात अर्ध्या किलोला, पण क्वालिटी आहे."

मी म्हणालो, "कसले बारा डॉलर?"

शिरीष बँकेत नियम पाळले जातात की नाही ते बघायच्या खात्यात आहे. तो हातात ताट घेऊन उभा होता. तो म्हणाला, "दिलीपराव, आता आईंना एम्प्लॉयमेंट पास काढून द्या. नाहीतर एक दिवस आईंबरोबर तुम्हीही विमानात." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. माझ्या हातातली जिलबी मी तशीच ताटात ठेवली.

आम्ही घरी आलो. मी दार लावलं आणि विचारलं, "आई, तू पैसे घेतलेस?"

"घेतले की. फुकट कोण देतंय?"

"तुझ्या पासवर काय लिहिलंय ते मी तुला वाचून दाखवलं होतं."

"दाखवलावतास. पण चटणी करणं म्हणजे काय नोकरी व्हय? नोकरी तू करतोस. सकाळी आठाला जातोस, संध्याकाळी तोंड वाईट करून येतोस."

वर्षा पाणी प्यायला आत गेली. ईशा सोफ्यावर फोन बघत होती. ती मान वर न करता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी नोज, लाह. ओन्ली यू डोंट नो." ऑर्डर घ्यायचे मेसेज तीच लिहून द्यायची. पहिला डबा वर्षाने आपल्या मैत्रिणीला नेऊन दिला होता. शेजारची चिनी आंटीसुद्धा दोन पाकिटं घेऊन गेली होती. आठ महिने एका छपराखाली राहून ही गोष्ट फक्त माझ्यापासून लपवावी असं तिघींना वाटलं. का, ते मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "पैसे हवे होते तर मला सांगायचंस. मी दिले असते."

"दिले असतेस. आणि पावती मागितली असतीस."

मी फ्रिजच्या दाराकडे पाहिलं.

"त्या केळ्यांची पावती आल्यागेल्याला दिसंल अशी टांगलीस," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तुझ्या वडलांनी मला कधी विचारलं न्हाई, पैसे कुठं गेले. उलट महिनाअखेरीला तेच माझ्याकडं मागायचे."

यावर मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "तू इथे माझ्या पासवर आहेस."

आई म्हणाली, "असं व्हय." आणि पदर खोचून उरलेली भांडी घासायला गेली.

तिने वही ठेवली होती. ती मी मागून घेतली. सतरा घरं, अडतीस पाकिटं, चारशे छप्पन्न डॉलर. साहित्याला दोनशे चौदा गेले. वीस डॉलर बसच्या कार्डात, सव्वीसच्या चपला, पंचवीस ईशाच्या वाढदिवसाला. शिल्लक एकशे एकाहत्तर, डब्यात रोख. बेरीज-वजाबाकी एकाही ठिकाणी चुकलेली नव्हती. अक्षर माझ्यासारखंच, किंवा माझं तिच्यासारखं.

मी ठरवलं की सगळे पैसे परत करायचे. पैसे परत केले म्हणजे धंदा झालाच नाही, ती भेट होती, असं म्हणता येईल. बँकेतून केले तर नोंद राहील, म्हणून रोख. आणि दुसऱ्या कोणाबरोबर पाठवले तर उद्या कोणी म्हणेल मिळालेच नाहीत, म्हणून घरोघर, आईने स्वतःच्या हातानं. कमी पडले ते दोनशे पंच्याऐंशी मी घातले. वर्षा म्हणाली, "अहो, कोणी तक्रार केलेली नाही. इथून पुढे बंद करा, झालं." मी तिला सांगितलं की तक्रार आल्यावर परत करण्याला अर्थ नसतो.

भीती खरी होती, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. बावन्नाव्या वर्षी माझा पास गेला तर दुसरा मिळणार नव्हता. ईशाची दहावीची परीक्षा होती. इथे आपण सोळा वर्षं राहिलो तरी दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी आपला कागद उघडून बघतं, राहू द्यायचं की नाही. ही भीती तिकडच्यांना कळत नाही आणि इकडचे बोलून दाखवत नाहीत. पण ती माझी भीती होती, आणि दारोदार फिरायला लावलं मी आईला.

ओळीने दोन रविवार आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरलो. गाडीत मी तिच्याकडून वाक्य म्हणवून घेतलं: "ती भेट होती, पैसे गैरसमजानं घेतले, हे परत घ्या." पहिल्या दोन घरी ती अडखळली. तिसऱ्या घरापासून तिला वाक्य पाठ झालं आणि ती ते सपाट आवाजात म्हणायला लागली.

हौगांगला नचिकेत नावाचा सांगलीचा मुलगा राहतो, तिशीचा, सॉफ्टवेअरमधला. त्याने तीन पाकिटं घेतली होती. आईने छत्तीस डॉलर पुढे केले तसा तो मागे सरला. "आजी, मी नाही घेणार. मी खाल्लीय ती चटणी."

मी म्हणालो, "घ्या. गरज आहे."

त्याने पैसे घेतले, पण माझ्याकडे बघून. "काका, भीती तुम्हाला वाटतेय ना? मग पैसे तुम्ही आणून द्यायचे. आजींना कशाला उभं करता?" मग आईला म्हणाला, "बसा, चहा टाकतो." आई म्हणाली, "नको रे बाळा. अजून तीन घरं व्हायचीत." आपण चार घरांची धुणीभांडी करत असल्यासारखं ती म्हणाली.

मरीन परेडला मेघनाने अठ्ठेचाळीस डॉलर मोजून घेतले आणि म्हणाली, "भेट म्हणजे उरलेली चटणी राहू दे ना आमच्याकडे? की परत द्यायची?" मी म्हणालो, राहू दे. मग तिला आठवलं की आईचा एक स्टीलचा डबा तिच्याकडे आहे. ती आत गेली आणि तो घासून, पुसून, चकचकीत करून घेऊन आली. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. आईने झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं, आणि डबा पिशवीत ठेवला. खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "तिच्या लक्षात नसेल आलं." आई म्हणाली, "आलं असंल. पण तिनं कुणाच्या डब्यात काय घालावं? आता माझं काय दुकान न्हाई, आणि घरपण न्हाई."

सतरावं घर शेजारच्या आंटीचं. सत्तरीची बाई, एकटी राहते. तिला भेटीचं प्रकरण मी इंग्रजीत समजावून सांगितलं. आई चोवीस डॉलर धरून उभी. आंटीने ते घेतले नाहीत. "आय बाय, आय पे," ती म्हणाली. "सो ओल्ड ऑलरेडी, व्हाय यू मेक युवर मदर डू लाइक दॅट?" आणि जाळीचं दार लावलं. चोवीस डॉलर मी पाकिटात घालून तिच्या पत्रपेटीत टाकले. ते दुसऱ्या दिवशी आमच्या पत्रपेटीत होते. असं दोनदा झालं. सतरापैकी सोळा घरांचा हिशेब मिटला.

आई रडली नाही, भांडली नाही. तिने दुसरंच काहीतरी सुरू केलं. सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दिलीप, चहा ठेवू का? चालतंय न्हवं माझ्या पासवर?" मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा एक दिवस टिकला असता तर मी सोसला असता. ती सात आठवडे रोज विचारत होती. गॅस लावू का. खाली जाऊन बसू का. ईशाची वेणी घालू का. बसमधून उतरल्यावर पावती मिळत नाही म्हणून तिने बसने जाणं सोडलं. पन्नास डॉलर तिने सप्टेंबरनंतर घेतलेच नाहीत. मी टेबलावर ठेवायचो, ते तिथेच राहायचे, त्यांवर मीठ-साखरेचे डबे सरकायचे. ईशा माझ्याशी बोलेनाशी झाली. वर्षा बोलत होती, म्हणजे कामापुरतं. एकदा मी आईला म्हणालो, "पुरे कर आता." ती म्हणाली, "काय केलं मी? विचारूनच करतेय की सगळं."

नोव्हेंबरात तिने तिकीट काढायला सांगितलं.

"जाणार कुठे? तिकडे घर नाही."

"मला ठाऊक हाय. तूच सोडवलंस."

तिने सुमनकाकूंना आधीच फोन केला होता. काकूंच्या मिरची कांडपाच्या वर एक खोली आहे, बारा बाय दहा, संडास जिना उतरून खाली. डिपॉझिट आईने आपल्या पैशातून भरलं. वय चौऱ्याहत्तर, एकदा मोरीत पडलेली बाई, आणि जिना सोळा पायऱ्यांचा. पायऱ्या मी काकूंना फोन करून मोजायला लावल्या होत्या. काकू म्हणाल्या, "सोळा. आणि दिलीपराव, एक सांगू? आता मोजू नका."

चांगी विमानतळावर मी आईला म्हणालो की पास अजून चौदा महिने आहे, कधीही परत येता येईल. ती म्हणाली, "तो देऊन टाक त्यांना. उगीच माझ्यापायी तुझ्यावर बालंट नको." वर्षाला आणि ईशाला तिने जवळ घेतलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला, कारण तो ठेवायचा असतो. पुढच्या आठवड्यात मी पास रद्द केला. कोणाची तक्रार कधीच आली नाही. पत्र आलं नाही, फोन आला नाही. शिरीष तर तो विनोद विसरूनही गेला होता, मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, "अहो, तुम्ही खरं मानलंत?"

कुठले तुम्ही, असं इथे कोणी विचारलं की मी अजून इचलकरंजी सांगतो. तिथे माझ्या नावाची खोली नाही, किल्ली नाही, आणि जिथे आई राहते ती जागा मी फक्त ईशाच्या फोनवर पाहिली आहे. आईने ती तिला दाखवली, मला नाही. चोआ चू कांगच्या फ्लॅटचा करार पुढच्या जूनपर्यंत आहे. घर म्हणजे काय, याचं उत्तर पूर्वी मी चौरस फुटांत आणि भाड्यात दिलं असतं. आता मला एवढंच कळतं की जिथे आपल्याला कोणी भाव सांगत नाही ते घर. आणि तसं माझं आता एकही राहिलेलं नाही.

हे मला नेमकं कळलं ते यंदाच्या एप्रिलमध्ये. आईने कांडपाच्या वर बसून पुन्हा चटणी करायला घेतली आहे, बावीस घरांची. नचिकेत सुट्टीवर सांगलीला जाणार होता आणि येताना तिच्याकडून आपली चटणी आणणार होता. मी आईला फोन केला आणि म्हणालो, त्याच्याबरोबर आमचीही पाठव.

"किती पायजे?"

"किलोभर."

"सातशे रुपये."

मला वाटलं ती हसेल. मागे कांडप चालू होतं, लोखंडी मुसळं एकामागून एक पडत होती. मी म्हणालो, "आई, मलापण?"

"सगळ्यांना एकच भाव हाय. पैसे आधी."

त्याच दिवशी दुपारी मी आईच्या खात्यावर सातशे रुपये भरले.